मुलींच्या लॅक्रॉसमधली परंपरा नेमकी कुठे पाहायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॉल्टिमोरजवळच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली मुलगी येत्या ऑगस्टमध्ये नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षात जाणार आहे. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने, म्हणजे स्टिकने, चेंडू झेलत-फेकत गोल करायचा मैदानी खेळ; तिच्या शाळेच्या मुलींच्या लॅक्रॉस संघाचा मोठा लौकिक आहे, जिमच्या दारातल्या कपाटात चषकांची दाटी आहे आणि 'आमच्याकडे प्रशिक्षणाची परंपरा आहे' हे वाक्य पालकांच्या बैठकीत दोनतीनदा ऐकवले गेले. मुलीने आजवर लॅक्रॉसची स्टिक हातात धरलेली नाही. थोडा सॉकर आणि सुट्टीत पुण्याला गेल्यावर आजोबांबरोबर बॅडमिंटन, एवढाच तिचा खेळाशी संबंध. ही परंपरा म्हणजे नक्की काय, नवख्या मुलीला तिचा काही उपयोग होतो की ती लहानपणापासून क्लबमध्ये खेळलेल्या मुलींपुरतीच असते, आणि पुढे कॉलेजच्या शिष्यवृत्तीची आशा धरावी का, असे तिच्या आईने विचारले आहे.

आधी माझा अधिकार किती, ते सांगते. मी नाशिकला शाळेत आणि कॉलेजात हॉकी खेळले. लग्नानंतर मेरीलँडला आले तेव्हा लॅक्रॉस हा शब्दसुद्धा माझ्या कानावरून गेलेला नव्हता. घरामागच्या सरकारी हायस्कूलच्या मैदानाला लागून फिरायचा रस्ता होता, आणि एका मार्चमध्ये मी कुंपणापाशी रोज उभी राहून सराव बघते हे लक्षात आल्यावर तिथल्या मुख्य प्रशिक्षिका चालत माझ्याकडे आल्या. हॉकी खेळले आहे असे म्हटल्यावर 'मग उद्यापासून बूट घालून या' एवढेच त्या बोलल्या. त्यानंतर १९ हंगाम मी त्या शाळेत सहायक म्हणून काम केले. त्यातले पहिले ११ जेव्ही संघाबरोबर, म्हणजे ज्या संघात बहुतेक नववी-दहावीच्या आणि नवख्या मुली असतात त्याच्याबरोबर. तेव्हा मी जे सांगते आहे ते वरच्या, व्हर्सिटी संघाच्या बाकावरून कमी आणि जेव्हीच्या चिखलातून जास्त पाहिलेले आहे.

हॉकी येणाऱ्या बाईला लॅक्रॉसच्या मैदानावर बोलावले गेले, हा योगायोग नव्हता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मुलींची हॉकी आणि मुलींचा लॅक्रॉस हे खेळ एकाच घरातून आले, आणि कित्येक शाळांत पिढ्यान्पिढ्या एकच बाई शरद ऋतूत हॉकी आणि वसंतात लॅक्रॉस शिकवत आली. लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा, विशेषतः हौडेनोशौनी लोकांचा खेळ. त्यांच्याकडे तो पुरुषांचा, श्रद्धेने खेळला जाणारा आणि रोगनिवारणाशी जोडलेला खेळ होता, आणि पुरुषांच्या विधीतल्या लाकडी काठीला बायकांनी हात लावू नये असा संकेत होता. (आज हौडेनोशौनी महिलांचा स्वतःचा संघ जागतिक स्पर्धांत उतरतो, आणि तो टप्पा त्यांनी आपल्या समाजातल्या बऱ्याच वादांतून गाठला आहे.) मुलींचा खेळ मात्र एक मोठा वळसा घेऊन आला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात सेंट लिओनर्ड्स ही मुलींची शाळा आहे. तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन यांनी उत्तर अमेरिकेच्या प्रवासात हा खेळ पाहिला, तो त्यांच्या मनात राहिला आणि १८९० मध्ये त्या शाळेच्या मैदानावर मुलींचा पहिला सामना झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बॉल्टिमोरच्या ब्रिन मॉर स्कूलमध्ये मुलींचा संघ उभा केला, आणि अमेरिकेतल्या मुलींच्या लॅक्रॉसची सुरुवात तिथून धरतात. (ब्रिन मॉर नावाचे प्रसिद्ध कॉलेज पेनसिल्व्हेनियात आहे, ही शाळा निराळी. नव्या पालकांची यात नेहमी गल्लत होते.) पुढे १९३१ मध्ये महिलांच्या लॅक्रॉसची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. राष्ट्रीय लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या महिलेला, म्हणजे सिंक्लेअर बाईंनाच, जागा मिळायला मात्र १९९२ साल उजाडले.

हा इतिहास इतका सविस्तर सांगण्याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे. हा खेळ मुलींमध्ये पसरला तो पुस्तकांतून किंवा दूरदर्शनवरून नव्हे. एका शिक्षिकेच्या हातून तिच्या विद्यार्थिनीच्या हातात आणि त्या विद्यार्थिनीने पुढे ज्या शाळेत नोकरी धरली तिथल्या मुलींच्या हातात, असा तो गेला. गायकीत घराणे असते, तसेच जवळपास. स्टिक कुठे धरायची, मान कुठे वळवायची, प्रतिस्पर्धी मुलीच्या किती जवळ जायचे, या गोष्टी बघून आणि टोकणी खाऊनच येतात. आमच्या मुख्य प्रशिक्षिका शिकल्या त्या काळात खेळाडूंच्या जागांना जुनी नावे होती: गोलसमोर पॉइंट, तिच्यापुढे कव्हर पॉइंट, मग थर्ड मॅन, आणि दुसऱ्या टोकाला फर्स्ट होम, सेकंड होम. नियमपुस्तकातून ही नावे केव्हाच मागे पडली, पण बाई चिडल्या की त्यांच्या तोंडून 'थर्ड मॅन कुठे आहे?' असेच निघे, आणि २००० नंतर जन्मलेल्या आमच्या मुलींना ती कोणती जागा हे बिनचूक कळे. परंपरा म्हणतात ती मला सगळ्यात आधी अशी भेटली.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येते, कारण प्रशिक्षण चांगले की वाईट हे ओळखायचे तर मुलींचा खेळ मुलांच्या खेळाहून निराळा का आहे, ते समजलेच पाहिजे. मुलांचे खेळाडू हेल्मेट, खांद्याचे कवच आणि जाड हातमोजे घालून एकमेकांना धडका देतात. मुलींच्या खेळात धडक निषिद्ध आहे. गोलरक्षक सोडली तर अंगावर डोळ्यांचे गॉगल्स आणि तोंडातला माउथगार्ड एवढेच संरक्षण. गॉगल्ससुद्धा २००५ पासून सक्तीचे झाले. डोक्यावर मऊ हेडगियर घालायला परवानगी आहे, फ्लोरिडा राज्याने ते सक्तीचेही केले, पण बहुतेक ठिकाणी ते ऐच्छिकच आहे, आणि त्याने खेळ सुरक्षित होतो की मुली जास्त बेफिकीर होतात यावर प्रशिक्षकांत बरीच वर्षे कडाक्याचा वाद चालला. मी स्वतः हेडगियरच्या बाजूची आहे. पण हेडगियर असो वा नसो, चेंडू घट्ट रबराचा, १४० ग्रॅमांहून थोडा जड, आणि तो जोरात सुटतो. म्हणजे मुलीचे खरे कवच म्हणजे नियम, पंचाची शिट्टी आणि समोरच्या मुलीच्या हाताला लागलेले वळण, ही तीनच. त्यातले तिसरे प्रशिक्षकाच्या हाती असते.

दुसरा फरक स्टिकमध्ये आहे. मुलांच्या स्टिकच्या जाळीला खोल झोळी असते, चेंडू तिच्यात निवांत बसतो. मुलींच्या स्टिकचे पॉकेट उथळच असावे लागते: तपासणीत स्टिक डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून तिच्यात चेंडू टाकतात, आणि कडेच्या पट्टीच्या वर चेंडूचा माथा दिसला नाही तर ती स्टिक बाद. एवढ्या उथळ पॉकेटात धावताना चेंडू टिकवायचा तर मनगट आणि कोपर सतत एका लयीत हलवावे लागतात. यालाच क्रेडल करणे म्हणतात. गर्दीच्या वेळी चर्चगेटला लोकलमधून उतरताना डब्यातली आमटी हिंदकळू न देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हात अगदी तसाच चालतो. शरीर धक्के खात असते आणि हातातली वस्तू आपल्या तालात शांत असते.

आमच्या शाळेच्या साहित्याच्या खोलीत चार जुन्या लाकडी स्टिक होत्या, चामड्याच्या पट्ट्यांनी विणलेल्या. एका स्टिकच्या दांड्यावर कुणाची तरी आद्याक्षरे कोरलेली होती. ट्रायआउट, म्हणजे निवडचाचणी, संपून संघ ठरला की पहिल्याच सरावात बाई प्रत्येक नव्या मुलीच्या हातात ती लाकडी स्टिक देत आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू घेऊन पळायला लावत. चेंडू पडायचाच. क्लबमध्ये सहा वर्षे खेळलेल्या, महागड्या कार्बनच्या दांड्याची सवय झालेल्या मुलीचाही पडायचा आणि परवा पहिल्यांदा खेळायला आलेल्या मुलीचाही. पहिल्या वर्षी मला हा नुसता विनोद वाटला. तिसऱ्या वर्षी त्यातली हुशारी लक्षात आली: आजच्या प्लास्टिकच्या डोक्याची स्टिक हाताचे पुष्कळ दोष झाकते, लाकडी स्टिक एकही झाकत नाही, आणि शिवाय पहिल्याच दिवशी नवी आणि जुनी मुलगी एकाच रांगेत येऊन उभी राहते.

सामना सुरू होतो तो ड्रॉने, आणि प्रत्येक गोलनंतर पुन्हा ड्रॉ. ज्या संघाच्या मुली ड्रॉ जिंकतात त्यांच्याकडे चेंडू राहतो. मुलींच्या खेळात याहून मोलाचे कौशल्य दुसरे नसेल. मधल्या वर्तुळात दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोघींच्या स्टिक कमरेच्या वर, आडव्या, पाठीला पाठ लावून. पंच दोन जाळ्यांच्या मध्ये चेंडू ठेवतात आणि मागे सरकतात. त्या दोनतीन सेकंदांत दोघींपैकी कुणीही हलायचे नसते. शिट्टी होताच दोघी स्टिक वर आणि बाहेर ओढतात, आणि चेंडू दोघींच्या डोक्यांवरून गेला पाहिजे असा नियम आहे. बघणाऱ्याला ही दंडाच्या ताकदीची झटापट वाटते. प्रत्यक्षात वरच्या हाताचे मनगट केव्हा वळते, खालचा हात किती खाली धरलेला आहे आणि मागच्या पायावर किती भार आहे, यावर सारे ठरते. वर्तुळाच्या कडेला टपून बसलेल्या मुलींना चेंडू कुठे पडणार याचा आधी अंदाज असेल, तर ड्रॉ घेणारी मुलगी निम्मा ड्रॉ जिंकलेली असते. आमच्याकडे एक किरकोळ अंगाची मुलगी होती, तिने दोन वर्षे भल्याभल्या उंच मुलींकडून ड्रॉ जिंकले. दर शनिवारी सकाळी आमची एक माजी खेळाडू येऊन तिच्यासमोर उभी राहायची आणि तासभर फक्त ड्रॉ घ्यायची. त्या माजी खेळाडूलाही तिच्या काळात असेच कुणीतरी शिकवलेले होते. या कामाचे कुणालाच पैसे मिळत नसत.

स्टिकवर मारून चेंडू पाडणे, म्हणजे चेक, हा सगळ्यात नाजूक भाग. नियम असा की चेक छोटा आणि ताब्यातला हवा, डोक्याच्या दिशेने नको, आणि डोक्याभोवती सुमारे १८ सेंटिमीटरच्या गोलात स्टिक शिरता कामा नये. इथे माझी एक चूक सांगते. गॉगल्स सक्तीचे होण्याच्या आधीची गोष्ट आहे. माझा तिसरा हंगाम होता, जेव्ही संघ एका गोलने मागे होता, तीन मिनिटे उरली होती, आणि मी रेषेवरून ओरडले, 'मार, चेक कर!' ज्या मुलीला ओरडले तिला मी बचावात पाय कसे हलवायचे हे नीट शिकवलेच नव्हते. ती मागे पडली होती आणि मागूनच तिने स्टिक फिरवली. समोरच्या मुलीच्या भुवईला पाच टाके पडले. पिवळे कार्ड माझ्या खेळाडूला मिळाले. ते खरे तर मला मिळायला हवे होते. त्या संध्याकाळी बाईंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी त्यांनी बचावाच्या सर्व मुलींना स्टिक खाली ठेवायला लावल्या आणि पाठीमागे हात बांधून फक्त पायांनी समोरच्या मुलीला अडवायला सांगितले. सलग चार दिवस बचावाच्या सरावात स्टिक नव्हती. पुढे मी जेव्ही संघाच्या प्रत्येक हंगामाचा पहिला आठवडा तसाच घेतला. एखाद्या संघाच्या मुली पायांनी बचाव करतात की काठीने, हे बघायला मला दहा मिनिटे पुरतात, आणि तिथले प्रशिक्षण कसे आहे ते मला तेवढ्यात कळते.

म्हणून चषकांचे कपाट बघून फारसे कळत नाही, असे मी म्हणते. चषक बनावट असतात असे नाही. मेरीलँडमध्येच ओविंग्ज मिल्सच्या मॅकडोनो या खासगी शाळेच्या मुलींनी क्रिस रॉबिन्सन यांच्या हाताखाली २००९ ते २०१८ या काळात सलग १९८ सामने जिंकले, आणि त्यांची घोडदौड थांबवली ती शेजारच्याच नोट्रडेम प्रेपच्या मुलींनी. त्या मालिकेत खेळलेली टेलर कमिंग्ज पुढे मेरीलँड विद्यापीठाकडून खेळली, २०१४, २०१५ आणि २०१६ अशी तीन वर्षे तिने कॉलेज लॅक्रॉसचा सर्वोच्च टीवाराटन पुरस्कार मिळवला, आणि नंतर ती आपल्याच शाळेत प्रशिक्षक म्हणून परतली. मला १९८ या आकड्यापेक्षा तिचे परत येणे अधिक बोलके वाटते. हॉवर्ड काउंटीतल्या माउंट हेब्रन या सरकारी शाळेने ब्रूक कूल-मॅक्लेलंड यांच्या काळात राज्याची अनेक विजेतेपदे मिळवली. तिथे शिकलेल्या कॅथी नेल्सन मेरीलँड विद्यापीठात सिंडी टिमशल यांच्या हाताखाली खेळल्या, टिमशल यांच्या संघाने १९९५ ते २००१ अशी ओळीने सात राष्ट्रीय विजेतेपदे घेतली, आणि कॅथी रीस या नावाने त्याच विद्यापीठाचा संघ २००७ पासून त्याच कॅथी चालवत आहेत. त्याच मेरीलँड संघात खेळलेल्या केली अमोंटी हिलर यांनी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शून्यातून संघ उभारून २००५ पासून सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. नावांची ही साखळी बघितली की शिष्या कुठे गेल्या आणि त्यांनी पुढे काय पेरले, हे दिसते.

तेव्हा तुमच्या शाळेबद्दल पहिली चौकशी अशी करावी की गेल्या दहा वर्षांत तिथे खेळून गेलेल्या मुलींपैकी कुणी आज तिथे किंवा आसपासच्या शाळांत, मनोरंजन केंद्राच्या लहान मुलींच्या संघांत शिकवते का. सरकारी शाळांत प्रशिक्षकाला हंगामाचे अगदी जुजबी मानधन मिळते. तासांनी भागले तर ते दुकानातल्या गल्ल्यावर बसण्याहूनही कमी भरेल. तरीही माजी खेळाडू परतत असतील, तर त्यांना तिथे काही चांगले मिळाले होते हे निश्चित. दुसरी चौकशी जेव्ही संघ कोण शिकवते याची. पुष्कळ नावाजलेल्या शाळांत मुख्य प्रशिक्षक नामांकित असतो आणि जेव्ही मात्र ज्याला सवड असेल त्याच्या गळ्यात टाकलेला असतो, दर वर्षी नवा माणूस. तुमच्या मुलीची पहिली दोन वर्षे याच माणसाच्या हाती जाणार आहेत. तिसरी गोष्ट विचारायची ती गुडघ्यांबद्दल. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो. उडी मारून कसे उतरायचे आणि दिशा बदलताना गुडघा आत का वळू द्यायचा नाही, याचे पंधरा मिनिटांचे व्यायाम सरावाच्या आधी नियमाने होतात का, ते बघावे. 'वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या' असे उत्तर मिळाले तर परंपरा कितीही थोर असली तरी मी सावध होईन.

परंपरेची दुसरी बाजूही लपवू नये. जुन्या संघांत आडनावे चालतात. थोरली बहीण खेळली, आई खेळली, वडील बूस्टर क्लबचे, म्हणजे संघाला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाचे, अध्यक्ष, अशा घरातली मुलगी ट्रायआउटला येते तेव्हा प्रशिक्षकाची नजर तिच्यावर थोडी जास्त रेंगाळते. हे मी पाहिले आहे आणि एखाददुसऱ्या वेळी माझ्याकडूनही झाले आहे. हा खेळ दीर्घकाळ खासगी शाळांचा, सुखवस्तू आणि बहुतांशी गोऱ्या कुटुंबांचा राहिला. आमच्या संघात १९ वर्षांत भारतीय घरांतल्या एकूण सातच मुली आल्या. त्यातल्या दोघी पहिल्या आठवड्यात घरी जाऊन 'सगळ्यांना सगळे आधीच येते' म्हणत रडल्या, असे मला त्यांच्या आयांकडून नंतर कळले. त्यांपैकी एक पुढे संघाची कर्णधार झाली, एकीने एका वर्षात खेळ सोडला आणि ती वादविवादाच्या मंडळात रमली. दोघींचेही ठीकच झाले.

'परंपरा' या नावाखाली काही निरर्थक गोष्टीही टिकून राहतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत मुलींच्या खेळात शिट्टी वाजली की सर्व खेळाडूंनी जागच्या जागी थांबायचे असा नियम होता. त्याआधी कित्येक दशके मैदानाला आखीव हद्दसुद्धा नव्हती. थांबण्याचा नियम गेला तेव्हा जुन्या प्रशिक्षिकांपैकी अनेकींना खेळाचा आत्मा गेल्यासारखे वाटले. मला वाटले, बरे झाले, आता मुलींना विचार करत पळावे लागेल. जुने जपणारा प्रशिक्षक आणि जुन्याला चिकटलेला प्रशिक्षक यांच्यातला फरक अशा बदलांच्या वेळी स्पष्ट दिसतो, म्हणून नव्या नियमांबद्दल सहज एखादा प्रश्न विचारून बघायला हरकत नाही.

शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर मी स्पष्टच सांगते. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांचे तीन विभाग आहेत. अनेक वर्षे पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातल्या महिला संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच मर्यादा होती, आणि तेवढा पैसा तीस-पस्तीस खेळाडूंमध्ये तुकडे करून वाटला जाई. ते नियम अलीकडे बदलले, पण त्यामुळे पैशांचा पाऊस पडू लागलेला नाही. तिसऱ्या विभागातली कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. लॅक्रॉस खेळणाऱ्या मुलीला प्रवेशात थोडी मदत होऊ शकते, इतकेच. उलट उन्हाळी क्लब, स्पर्धांचे प्रवास, हॉटेले आणि शिबिरे यांवर चार वर्षांत जो खर्च होतो, तो अनेक घरांत मिळालेल्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त भरतो. एक चांगला बदल मात्र झाला: पूर्वी आठवी-नववीतल्या मुलींकडून कॉलेजांचे प्रशिक्षक तोंडी होकार घेत असत, तो प्रकार २०१७ मध्ये नियमाने बंद झाला, आणि आता अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी त्यांना मुलीशी रिक्रूटिंगचे, म्हणजे संघात घेण्याचे, बोलणे करता येत नाही. म्हणजे नववीतल्या मुलीला उशीर झाला आहे, असे कुणी क्लबवाला सांगू लागला तर त्याचे पुढे ऐकू नये. शिष्यवृत्तीसाठी खेळायचे असेल तर गणिताची शिकवणी स्वस्त पडेल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सहा-सहा खेळाडूंचा लॅक्रॉस परत येतो आहे, आणि तो घ्यायचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्याच अधिवेशनात झाला. त्यामुळे भारतीय घरांत या खेळाची चौकशी वाढली आहे, हे मला येणाऱ्या फोनांवरून कळते. ती उत्सुकता चांगली आहे, फक्त तिचे ओझे चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकू नका.

आता ट्रायआउटचे. मेरीलँडच्या सरकारी शाळांत वसंताचा हंगाम १ मार्चच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तुमच्याकडे भरपूर महिने आहेत. नवी, महाग स्टिक घेऊ नका. शाळा किंवा मनोरंजन केंद्र बहुधा उसनी देते, आणि जुन्या खेळसाहित्याच्या दुकानात बरीशी मिळते. दांडा मुलीच्या उंचीला मानवेल असा हवा. नियमाप्रमाणे संपूर्ण स्टिक साधारण ९० ते ११० सेंटिमीटर असावी लागते. त्याबरोबर एक चेंडू आणि बिनखिडकीची भिंत. रोज ५० वेळा उजव्या हाताने आणि ५० वेळा डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. डाव्याचे पहिले दोन आठवडे हाल होतील, चेंडू शेजाऱ्यांच्या वाफ्यात जाईल. जेव्ही संघाच्या प्रशिक्षकाला ट्रायआउटमध्ये तयार खेळाडू मिळणार नसतोच. जमिनीवर पडलेल्या चेंडूमागे कोण वाकून धावते, चूक झाल्यावर कुणाची मान खाली जात नाही आणि डावा हात वापरायला कोण लाजत नाही, एवढे तो बघतो. सॉकर खेळलेल्या मुलीला बचावात पाय कसे टाकायचे हे निम्मे आधीच येत असते, हेही तिला सांगा.

पालकांसाठी एकच विनंती. सामन्यात मुलीला कमी खेळवले तर त्याच संध्याकाळी प्रशिक्षकाला पत्र लिहू नका. बहुतेक शाळांत २४ तास थांबण्याचा संकेत आहे आणि तो शहाणपणाचा आहे. प्रश्न मुलीने स्वतः विचारावा. आणि सामन्याआधीच्या संध्याकाळी संघाची पास्ता पार्टी तुमच्या घरी करायची पाळी आली, तर पास्त्याबरोबर मोठे पातेले भरून पोहे करायला घाबरू नका. आमच्या घरी ते नेहमी आधी संपत.

हे सारे करण्याआधी, शक्य असेल तर याच वसंतात, मुलीला घेऊन त्या शाळेच्या जेव्ही संघाचा एखादा सराव बघून या. सामना नको, सरावच. आणि शक्यतो आदल्या दिवशी ज्या संघाची हार झाली असेल त्याचा. कुंपणाबाहेर उभे राहा. बचावाच्या मुलींचे पाय बघा. सगळ्यात कच्च्या मुलीकडून चेंडू पडला की तो परत कोण आणून देते आणि प्रशिक्षक तिच्याशी काय बोलतो, ते ऐका. सराव संपल्यावर चेंडू वेचायला आणि गोलची जाळी ओढून ठेवायला व्हर्सिटीच्या मोठ्या मुली येतात, की ते काम नववीच्या मुलींवर सोडून त्या गाडीकडे निघतात, तेही बघा. आमच्या बाईंचा नियम होता की चेंडूंची पिशवी नेहमी कर्णधारच उचलणार.